टाकीच्या मोडलेल्या नळजोडाची दुरुस्ती

चैत्र-वैशाखात विहिरीचा उपसा तासा-दोन तासांवर आला म्हणजे शेतावरील साठवणीच्या टाकीचे मोल खऱ्या अर्थाने कळू लागते. रात्रीच्या पाळीस वीज आली की टाकी भरून घ्यावयाची आणि सकाळी त्याच साठ्यावर डाळिंबाची, द्राक्षाची वा भाजीपाल्याची ठिबकची पाळी द्यावयाची, गोठ्यातील जनावरे पाजावयाची, असा अनेक शेतकऱ्यांचा क्रम असतो. अशा दिवसांत टाकीच्या बुडाशी बसविलेला एखादा नळजोड मोडला तर होणारी हानी त्या जोडाच्या किमतीवरून मोजता येत नाही. जोड बाजारात सहज मिळतो. वाहून गेलेले पाणी मात्र त्या आठवड्यात पुन्हा मिळेलच असे नाही.

या हानीचा साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टाकीत दोन मीटर उंचीचे पाणी उभे असता बुडाशी केवळ ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले आणि पाण्याची पातळी कायम राहिली, तर चोवीस तासांत २,००० लिटरांहून अधिक पाणी निघून जाते. एका मोठ्या दुभत्या जनावरास उन्हाळ्यात दिवसाकाठी १०० लिटर पाणी लागते असे सढळपणे धरले, तरी हे वीस जनावरांचे पाणी झाले. याउलट, दर सेकंदास एक थेंब गळणाऱ्या जोडातून दिवसाला चार-साडेचार लिटरच जातात. थेंबाने लगेच नुकसान होत नाही हे खरे. परंतु त्या जोडात काही तरी बिघडत चालले आहे, याची ती पहिली सूचना असते. ती ओळखून पाणी थोडे असताना, सवडीने दुरुस्ती करावी, हे शहाणपणाचे.

प्रत्यक्षात घडते ते निराळेच. जोड गळू लागला की त्यावर बाहेरून सिमेंट थापले जाते, डांबर ओतले जाते किंवा इपॉक्सीची लांबी मळून चोपडली जाते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळण्याची रीतही सर्वत्र आहे. या सर्वांत ट्यूबची पट्टी हीच काय ती कामाची. कारण रबर भेगेवर दाब देते आणि एका रात्रीपुरते पाणी धरून ठेवते. तेवढ्यापुरती ती अवश्य वापरावी. सिमेंटचा गोळा मात्र प्लास्टिकला चिकटतच नाही. प्लास्टिक उन्हाने ताणते व थंडीने आकसते, सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही; म्हणून त्या दोहोंमध्ये केसाएवढी फट पडते आणि पाणी तेथून वाट काढते. शिवाय हा गोळा पुढे खऱ्या दुरुस्तीच्या आड येतो. तो फोडताना चांगला नळही फुटल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

जोड का मोडतो

मोडलेला भाग बदलण्यापूर्वी तो का मोडला हे पाहिले नाही, तर नवा भागही पुढल्या उन्हाळ्यापर्यंत त्याच वाटेने जातो. बहुतेक ठिकाणी कारण पाण्याचा दाब हे नसते. दोन मीटर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोग्रॅम इतकाच असतो आणि शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या पीव्हीसी नळांपैकी सर्वांत हलका वर्गही २.५ किलोग्रॅमचा असतो. जोड मोडतो तो बहुधा लटकत्या वजनाने. ६३ मिलिमीटरचा पाण्याने भरलेला नळ दर मीटरला तीन किलोंहून अधिक भरतो. टाकीच्या तोंडापासून दोन मीटर नळ, मध्ये कॉक आणि पुढे गाळणी, हे सारे आधारावाचून लोंबत असेल, तर तो भार तरफेसारखा थेट टाकीच्या तोंडाशी असलेल्या आट्यांवर येतो. त्यात कोणी कॉक फिरविताना नळावर हात टेकला, की त्या दिवशी जोड तुटतो, आणि दोष मात्र फिरविणाऱ्यास लागतो.

दुसरे कारण उष्णतेचे. पीव्हीसी नळ तापमानाच्या प्रत्येक अंशास दर मीटरमागे सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो. उघड्यावर पडलेला १० मीटर लांबीचा रिकामा नळ पहाटे २० अंशांवर असेल आणि दुपारी उन्हाने ५५ अंशांपर्यंत तापेल, तर त्याची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटरने बदलते. नळाची दोन्ही टोके घट्ट जखडलेली असतील, तर हा ताण कोठे तरी निघणारच. तो सर्वांत दुबळ्या जागी, म्हणजे एल्बोत किंवा आट्यांच्या मुळाशी निघतो. ऊन आणखी एक काम करते. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक पांढुरके व ठिसूळ होते, आणि पूर्वी वाकून सहन केलेला धक्का ते आता भेग पाडून घेते.

काळ्या जमिनीत याशिवाय एक निराळीच अडचण असते. ही जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. ५,००० लिटरची टाकी भरली म्हणजे पाच टन वजन ओट्यावर येते. ओटा किंचित खचतो, पण जमिनीत पुरलेला नळ आपल्या जागीच राहतो. दोहोंमधील जोडाला हा फरक सोसावा लागतो. जेथे दरवर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीस किंवा उन्हाळ्याच्या अखेरीस तोच एक जोड मोडतो, तेथे हे कारण आहे असे खुशाल समजावे.

शेवटचे कारण माणसाच्या हाताचे. गळती थांबावी म्हणून आट्यांचा जोड मोठ्या पाईप पान्याने आवळला जातो. बाहेरचे आटे टोकाकडे निमुळते असतात. ते आत जाताना पाचरीचे काम करतात. लाकडात पाचर ठोकली म्हणजे लाकूड चिरते, तसाच प्लास्टिकचा आतल्या आट्यांचा भाग चिरतो. विशेषतः प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत लोखंडी निपल घातले असेल तर हे हमखास होते. लोखंडी नळास ताग व सफेदा लावण्याची जुनी पद्धत लोखंडासाठी चांगली आहे. प्लास्टिकमध्ये तोच ताग भिजून फुगतो आणि भेगेस निमित्त होतो. तेव्हा धातू व प्लास्टिक यांची गाठ घालावयाचीच असेल, तर आतले आटे धातूचे व बाहेरचे आटे प्लास्टिकचे असावेत, अथवा पितळी आटे बसविलेला भाग घ्यावा.

गळती नेमकी कोठे

ओल दिसते तेथेच गळती असते असे नाही. पाणी नळाच्या पोटाखालून वाहत जाऊन सखल ठिकाणी ठिबकते. म्हणून प्रथम सर्व जोड कापडाने कोरडे पुसावे, प्रत्येकावर कोरड्या कागदाचा तुकडा फिरवावा आणि कागद प्रथम कोठे भिजतो ते पाहावे. पाणी गळतीने कमी होते की उन्हाने उडून जाते, असा संशय उघड्या हौदाविषयी नेहमी येतो. त्यासाठी बादलीची परीक्षा उत्तम. बादलीत वजनासाठी दगड ठेवून ती हौदात पायरीवर वा विटांवर अशी बसवावी की तिचे तोंड पाण्याबाहेर राहील. बादलीत बाहेरच्या पातळीइतकेच पाणी भरावे, दोन्ही पातळ्यांवर खूण करावी आणि हौदात पाणी न सोडता वा न काढता चोवीस तास थांबावे. दोन्हीकडील पाणी सारखेच उतरले तर ते उन्हाने गेले. हौदातील अधिक उतरले तर गळती आहे. मग कॉक बंद ठेवून व उघडा ठेवून हीच परीक्षा दोनदा केली, म्हणजे दोष कॉकच्या अलीकडे आहे की पलीकडे, हेही कळते.

टाकीतून पंप पाणी ओढत असेल तर पंपाच्या अलीकडील नळाविषयी विशेष दक्षता घ्यावी. पंप चालू असताना या भागात ओढ असते. भेगेतून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते. पंप घरघर करतो, पाण्यात बुडबुडे येतात, ठिबकचा दाब पडतो, आणि दोष मोटारीला दिला जातो. पंप बंद करताच त्या जोडावर ओल उमटते, ही त्याची खूण.

कामास हात घालण्यापूर्वी

पंपावर स्वयंचलित स्टार्टर, ज्याला शेतकरी 'ऑटो' म्हणतात, तो असेल तर त्याचा धोका दुरुस्तीच्या वेळी सर्वांत मोठा. वीज गेली आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे नळ उघडतो किंवा हौदात उतरतो. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत आणि ते काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात ठेवावेत.

झाकणाच्या बंद टाकीत माणसाने शक्यतो उतरूच नये. आत हवा अपुरी असते, आणि तेथे पीव्हीसी चिकटविण्याचे सोल्युशन उघडले तर त्याची वाफ कोंडून भोवळ येते. ही वाफ पेट घेणारीही आहे. बिडी, काडी, स्टोव्ह यांपासून डबा दूर ठेवावा. आतील वॉशर धरण्यासाठी हात पोचत नसेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून आडवी करता येते का ते पाहावे. उतरणे अगदी अपरिहार्य असेल, तर टाकीत बराच वेळ मोकळी हवा खेळू द्यावी, सोल्युशन लावण्याचे काम बाहेरच उरकावे आणि बाहेर दुसरा माणूस उभा केल्यावाचून कोणीही आत पाय टाकू नये.

वस्तू आणण्यास जाताना मोडलेला तुकडा बरोबर न्यावा. हे सांगणे क्षुल्लक वाटेल. परंतु अर्धी दुरुस्ती येथेच बिघडते. शेतीचे पीव्हीसी नळ बाहेरच्या व्यासावर, मिलिमीटरांत मोजले जातात: ३२, ४०, ५०, ६३, ७५ याप्रमाणे. घरबांधणीतील प्लंबिंगचे जाड पांढरे नळ इंचांच्या मापाने विकले जातात आणि त्यांचा बाहेरचा व्यास निराळा असतो. 'एक इंची' नळाचा बाहेरचा व्यास ३३.४ मिलिमीटर, तर शेतीचा त्याच्या जोडीचा नळ ३२ मिलिमीटर. 'दीड इंची' ४८.३, तर शेतीचा ५०. 'दोन इंची' ६०.३, तर शेतीचा ६३. बोलण्यात दोन्हींस एकच नाव असल्याने दुकानदार एक देतो व शेतकरी दुसऱ्यावर बसवू पाहतो. सैल बसणाऱ्या जोडात सोल्युशन जास्त ओतून हा फरक भरून निघत नाही. शेतीच्या नळावर आयएस ४९८५ हे मानक छापलेले असते, त्याच्या साच्यातील जोडांचे मानक आयएस ७८३४ आहे. नळाचा व जोडाचा मेळ या क्रमांकांवरून व प्रत्यक्ष बसवून, अशा दोन्ही रीतींनी पाहावा.

दुसरी ओळख प्लास्टिकच्या जातीची. सोल्युशन पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवते. दोन विरघळलेले पृष्ठभाग एकमेकांत मिसळून वाळले म्हणजे सांधा एकजीव होतो. तो डिंकाने चिकटविलेला नसतो, हे ध्यानात आले म्हणजे पुढील सर्व सूचनांचा अर्थ आपोआप उलगडतो. मात्र पाण्याच्या काळ्या टाक्या, काळे एचडीपीई नळ व ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात. टाकीचे निपल पुष्कळदा पॉलिप्रॉपिलिनचे असते. ही प्लास्टिके त्या सोल्युशनात विरघळत नाहीत, म्हणून तेथे ते कितीही चोपडले तरी व्यर्थ. शंका असल्यास भागाचा छोटा कपचा काढून पाण्याखाली दाबून सोडावा. पीव्हीसी तळाशी राहते, पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन वर तरंगतात.

आट्यांत अडकलेला तुकडा

टाकीच्या तोंडाशी निपल मोडले आणि त्याचे आटे आतल्या भागातच राहिले, ही अवस्था शेतकऱ्यास सर्वांत हताश करणारी. हाताने धरावयास काही उरत नाही, आणि सारे तोंडच बदलावे लागेल असे वाटते. पुष्कळ वेळा तशी गरज नसते. लोखंड कापण्याच्या करवतीचे नुसते पाते घ्यावे, एका टोकास धरण्यापुरते कापड गुंडाळावे आणि ते अडकलेल्या तुकड्याच्या पोकळीत घालून आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू एक काप घ्यावा. काप तुकड्याच्या जाडीइतकाच खोल जावा. बाहेरच्या भागाचे आटे दिसू लागण्याच्या किंचित अलीकडे थांबावे. दोन बोटे अंतरावर असाच दुसरा काप घ्यावा. मग दोन कापांमधील पट्टीच्या कडेस जुना पेचकस लावून हलक्या ठोक्याने ती आतल्या बाजूस वळवावी. पट्टी सुटली की उरलेला तुकडा सैल होतो आणि पकडीने ओढून वा उलटा फिरवून काढता येतो. या कामास अर्धा तास लागेल. घाई केली तर टाकीच्या भागाचे आटे कापले जातील आणि मग मात्र तोंड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. विस्तव लावून तुकडा मऊ करण्याचा मोह टाळावा. त्याने दोन्ही भागांचे आटे एकदमच जातात.

तुकडा निघाल्यावर आटे जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने स्वच्छ करावेत. नव्या निपलवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे, निपल ज्या दिशेने आवळावयाचे त्याच दिशेने, ताणून गुंडाळावेत. उलट दिशेने गुंडाळलेली टेप बसविताना उकलून गोळा होते. निपल हाताने जाईल तितके फिरवावे. त्यानंतर पान्याने एक फेरा, फार तर दीड. एवढ्याने गळती थांबली नाही तर अधिक आवळण्याऐवजी जोड काढून टेप पुन्हा गुंडाळावी.

टाकीचे तोंडच चिरले असेल तर तो भाग उतरवून नवा बसवावा. याची रचना सोपी आहे: टाकीच्या भिंतीतून जाणारा आट्यांचा तुकडा, आतल्या बाजूस रुंद कड व रबरी वॉशर, बाहेरच्या बाजूस चेकनट. वॉशर पाण्याच्या बाजूस असावा. बसविण्यापूर्वी छिद्राची कड कानशीने गुळगुळीत करून भिंतीवरील शेवाळ व क्षार खरवडून काढावेत. वॉशरखाली वाळूचा एक कण राहिला तरी थेंब सुरू होतो. आतला भाग एकाने स्थिर धरावा व दुसऱ्याने बाहेरची नट फिरवावी. आतला भागच फिरू दिला तर वॉशर मुडपतो. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरेसा होतो. गोल भिंतीवर नवे छिद्र पाडण्याची वेळ आली, तर टाकीवर जो सपाट भाग मुद्दाम ठेवलेला असतो तेथेच पाडावे, कारण वक्र जागी वॉशर सर्व बाजूंनी सारखा टेकत नाही. छिद्रापासून भिंतीत भेग धावली असेल, तर ते छिद्र कायमचे सोडून द्यावे. तेथे आतून व बाहेरून रबर लावलेल्या पट्ट्या बोल्टने आवळून ते बंद करावे किंवा जाणकाराकडून त्याच जातीच्या प्लास्टिकची तार वितळवून भेग सांधून घ्यावी.

सोल्युशनचा सांधा

पीव्हीसीचा एल्बो किंवा टी तडकली तर तिची डागडुजी होत नाही. दोन्ही बाजूंचे नळ निकोप भागापर्यंत कापून मधला तुकडा नवा बसवावा लागतो. कापताना नव्या कपलिंगला पुरेल इतका नळ जोडापाशी शिल्लक राहील असे पाहावे. पुष्कळ गावांत कपलिंगऐवजी नळाचे तोंड जाळावर तापवून फुगविण्याची व त्यात दुसरा नळ घालण्याची चाल आहे. घाईत ते चालते; परंतु फुगविलेल्या जागी भिंत पातळ होते, कडा करपतात आणि करपणाऱ्या पीव्हीसीचा आम्लयुक्त धूर घशास व डोळ्यांस बाधतो. एका कपलिंगची बचत करण्यासाठी हा खटाटोप करण्यात काही अर्थ नाही.

नळ करवतीने काटकोनात कापावा, कापाचे कोस काढावेत, बाहेरची कड कानशीने किंचित उतरती करावी. कोरडाच नळ जोडात घालून पाहावा. तो एकतृतीयांश ते दोनतृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडावा. पूर्ण खोलीची खूण पेन्सिलीने नळावर करावी. पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून कोरड्या कापडाने पुसावा. मग नळावर भरपूर व जोडाच्या आत पातळ असे सोल्युशन ब्रशाने सर्व बाजूंनी लावून, ते ओले असतानाच नळ खुणेपर्यंत दाबत पाव फेरा फिरवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. धरून ठेवणे महत्त्वाचे आहे. जोडाची पोकळी आतल्या बाजूस निमुळती असल्याने नळ मागे सरकू पाहतो. एकदा बसल्यावर सरळ करण्यासाठी तो हलवू नये.

सांधा फसण्याची दोन कारणे जवळजवळ नेहमीची. पहिले, टाकीच्या तळाशी राहिलेले पाणी झिरपत येते व ओल्या नळावर सोल्युशन धरत नाही. कॉक बंद केला म्हणजे पाणी थांबले असे मानू नये. नळाचे तोंड कापडाने टिपून पाच मिनिटे पाहावे. दुसरे, भर दुपारी तापलेल्या नळावर सोल्युशन नळ घालण्यापूर्वीच सुकते. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे. डब्यातील सोल्युशन खिरीसारखे घट्ट झाले असेल तर ते टाकून द्यावे; त्यात पेट्रोल वा थिनर घालून पातळ करू नये. वाळण्यास किती वेळ द्यावा हे डब्यावर लिहिलेले असते. मोठ्या व्यासास व दमट हवेत अधिक वेळ लागतो. पंपाचा दाब येणाऱ्या सांध्यास शक्य तेथे चोवीस तास द्यावेत. म्हणूनच दुरुस्ती पाळीच्या आदल्या रात्री न करता पाळी संपताच करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने याचे प्रात्यक्षिक करावयाचे ठरविले, तर एक जुना सांधा करवतीने लांबीत उभा चिरून दाखवावा. कोठे सोल्युशन पोचले नाही, कोठे नळ पुरता आत गेला नाही, हे शेतकरी स्वतःच बोट ठेवून सांगतात.

आधार, ऊन आणि हालचाल

नवा जोड बसवितानाच त्याचे आयुष्य ठरते. टाकीच्या तोंडास लागूनच कॉक बसवावा, म्हणजे पुढील कोणत्याही दुरुस्तीसाठी टाकी रिकामी करावी लागणार नाही. कॉकनंतर युनियन असावी. ती खोलली की पुढचा सारा नळ न कापता सुटतो. नळाचा पहिला आधार टाकीपासून फूटभराच्या आत, आणि तो ज्या ओट्यावर टाकी आहे त्याच ओट्यावर असावा. आधार जमिनीवर उभारला तर ओटा खचताना तोच आधार नळास वर रेटतो. पुढे मीटर-मीटरवर टेकू द्यावेत. नळ त्यांवर टेकावा, पण तारेने करकचून बांधू नये. लांबी वाढण्या-घटण्यास त्याला वाव हवा. काळ्या जमिनीत ओटा सोडताना नळाच्या मध्ये दोन-तीन फुटांची लवचीक नळी क्लॅम्पने बसविली, तर दरवर्षीचे तुटणे बहुधा थांबते. ही नळी पंपाच्या ओढीच्या बाजूस असेल तर आत तारेचे वेटोळे असलेलीच घ्यावी, नाही तर ती चेपते. उघड्यावरील नळास व जोडांस पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा किंवा गोणपाट गुंडाळावे.

कृषी पर्यटन केंद्रांवर अलीकडे मुलांच्या पोहण्यासाठी जमिनीवर उभारलेले हौद दिसू लागले आहेत. पत्र्याची वा प्लास्टिकची कड, आत जाड ताडपत्रीसारखा पडदा, आणि भिंतीतून गाळणीकडे जाणारे व परत येणारे नळ, अशी त्यांची रचना असते. पडद्यातून नळ काढताना रबर पडद्याच्या दोन्ही अंगांस लागते, एवढा फरक सोडला तर वर सांगितलेलेच सारे तेथे लागू पडते. परदेशी बनावटीच्या गाळणीचे आटे आपल्याकडील नळांच्या आट्यांहून निराळे असू शकतात. एक-दोन फेऱ्यांनंतर अडणारा भाग जोराने पुढे रेटू नये, आटे जुळणारा भाग मागवावा. या हौदांत जी गोष्ट कदापि उद्यावर टाकू नये, ती म्हणजे ओढीच्या तोंडावरील मोडलेली जाळी. उघड्या तोंडाशी मुलाचे केस किंवा हात ओढले जाऊन प्राणावर बेतते. जाळी बदलेपर्यंत पंप बंद आणि हौदही बंद ठेवावा. पंपाच्या वीजजोडणीवर गळती होताच वीज तोडणारे यंत्र व चांगली अर्थिंग हवी, हे वेगळे सांगावयास नको.

दुरुस्तीनंतर टाकी एकदम भरू नये. प्रथम हातभर पाणी घेऊन तासभर पाहावे, जोडाखाली कोरडा कागद ठेवावा. नंतर अर्धी, नंतर पूर्ण भरावी. पहिले पाणी सोल्युशनचा वास जाईपर्यंत जनावरांच्या वा घरच्या पिण्यास न देता सोडून द्यावे. झाडांच्या आळ्यापेक्षा ते बांधाकडे गेलेले बरे. भरल्या टाकीवर कोळशाने पातळीची खूण करून रात्रभर ठेवावे. सकाळी जोडावरून हात फिरविताना दवाची ओल व गळतीची ओल यांत घोटाळा होतो, म्हणून जोड एकदा पुसून, ऊन वर आल्यावर दुसऱ्यांदा पाहावा.